मालिका न पाहण्याची नियमावली

पाणीपुरवठा कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकी क्रमांक चारच्या मागे बसणाऱ्या कारकुनाला जेवणाच्या सुट्टीत एक गाणं आवडलं. कार्यालयीन दृष्टीने ही बाब किरकोळ होती. सुट्टीत कर्मचाऱ्याला काहीही आवडू शकतं. सुट्टी संपल्यावर त्याने ते आवडणं थांबवावं, एवढीच अपेक्षा असते. या कारकुनाला, ज्याला सगळं कार्यालय ‘चार नंबर’ म्हणत असे, ते काही जमलं नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

गाणं होतं एका येऊ घातलेल्या वेब मालिकेच्या झलकेतलं. मालिकेचं नाव ‘खिडकी बंद आहे’. तिच्यामागे कुठली कंपनी नव्हती की बडा निर्माता नव्हता. कपडे ड्रायक्लीन करणारी एक बाई, दातांचा एक डॉक्टर आणि मोटार चालवायला शिकवणारा एक मास्तर, या तिघांनी पदरमोड करून आपापली दुकानं बंद झाल्यावर ती बनवली होती. डॉक्टर गाणी लिही, बाई त्यांना चाली लावी आणि गाई. कॅमेरा मास्तरांच्या हातात असल्यामुळे तो प्रत्येक दृश्यात वळण्याआधी जरा थांबून दोन्ही बाजूंना पाहून घेत असे. कथा एका सरकारी कार्यालयात घडत होती आणि कार्यालय म्हणून ड्रायक्लीनचाच काउंटर वापरला होता, त्यामुळे साहेबांच्या डोक्यामागे गिऱ्हाइकांचे कोट टांगलेले दिसत.

मालिकेत बोलायचं ते सगळं गाऊन. झलकेत एक कारकून खिडकीतून डोकं बाहेर काढतो आणि रांगेतल्या म्हातारीला फार हळुवारपणे सांगतो, ‘पुढच्या खिडकीवर जा हो, पुढच्या खिडकीवर जा.’ म्हातारी तितक्याच हळुवारपणे उत्तर देते, ‘तिथूनच आले मी.’

चार नंबरचे डोळे भरून आले. हे वाक्य तो रोज म्हणत असे. ते गाताही येतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आपल्यासारख्या माणसावर कुणीतरी बसून चाल लावली, या कल्पनेने त्याचा ऊर इतका दाटून आला, की त्या दुपारी त्याने एका नागरिकाचं काम पहिल्याच फेरीत करून टाकलं. नागरिक घाबरून घरी गेला.

झलकेखाली चार नंबरने लिहिलं, ‘वाट पाहतोय.’ त्याखाली एका औषधविक्रेत्याने लिहिलं, ‘मीसुद्धा.’ त्याखाली एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं, ‘मी आपणा दोघांच्याही आधीपासून पाहतो आहे.’ तीन माणसांना एकच गोष्ट वाटते आहे म्हटल्यावर तिला मोकळं सोडणं बरं नव्हे. रविवारी मुख्याध्यापकांच्या दिवाणखान्यात ‘प्रतीक्षक मंडळ’ स्थापन झालं. चार नंबर अध्यक्ष, औषधविक्रेता कार्यवाह, आणि मुख्याध्यापक मार्गदर्शक, म्हणजे काम न करता रागावण्याचा अधिकार असलेले.

मंडळ झपाट्याने वाढलं. मालिका पाहायला वेळ लागतो, वाट पाहायला लागत नाही. ती ऑफिसात, दाढी करताना, दुसऱ्याचं बोलणं ऐकतानाही पाहता येते. त्यामुळे कामाच्या माणसांना हा छंद फारच सोयीचा वाटला. प्रस्तुत लेखकही तेव्हाच सदस्य झाला. लवकरच सदस्यांत प्रतवारी आली. झलक येण्याआधीपासून वाट पाहणारे ते ज्येष्ठ प्रतीक्षक, नंतरचे ते साधे. झलकच आली नव्हती तेव्हा नेमकी कशाची वाट पाहत होता, असं एका साध्याने विचारलं. त्याच्यावर ‘प्रतीक्षेची खिल्ली’ या सदराखाली कारवाई झाली.

मालिकेची तारीख दोनदा पुढे गेली. पहिल्यांदा साहेबांचं काम करणाऱ्या डॉक्टरांच्या घशाला सूज आली म्हणून, दुसऱ्यांदा साहेबांच्या मागचा कोट मालक मध्येच घेऊन गेला म्हणून. प्रत्येक वेळी मंडळात आनंदीआनंद झाला. ‘उत्तम कलाकृती घाईने येत नाही,’ असं मुख्याध्यापक म्हणाले आणि सदस्यसंख्या दुप्पट झाली.

मग रहस्यभेदाचा, म्हणजे पुढचं आधीच फोडण्याचा, प्रश्न आला. मंडळातल्या एका न्हाव्याने सहज लिहिलं, ‘शेवटी खिडकी उघडणार बहुतेक.’ मंडळात एकच गदारोळ उडाला.

‘अहो, पण मी नुसता अंदाज केला!’ न्हावी म्हणाला.

‘आणि तो खरा निघाला तर?’ औषधविक्रेत्याने विचारलं. ‘मग आमचं वाट पाहणं भरून देणार कोण, तुम्ही?’

न्हाव्याला काढून टाकण्यात आलं. असं पुन्हा घडू नये म्हणून अध्यक्षांनी स्वतः नियम लिहिला. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण त्याने तो अगदी मनापासून लिहिला होता. त्याला असं वाटे, की आपल्या सगळ्यांनी एका छताखाली बसावं, दिवे मालवावेत आणि ते पहिलं गाणं सगळ्यांच्या कानांवर एकाच वेळी पडावं. म्हणून नियम असा: मालिकेचं सामूहिक प्रथमदर्शन होईल. त्याला तीन चतुर्थांश सदस्य हजर हवेत. तोवर कोणीही ती पाहणार नाही. जो पाहील त्याला पुढचं ठाऊक असल्यामुळे तो प्रथमदर्शनाला अपात्र ठरेल. नियम टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. न्हाव्यानेही टाळ्या वाजवल्या, पण त्या मोजल्या गेल्या नाहीत.

आणि एका सकाळी, कुणालाही न सांगता, मालिकेचा पहिला भाग आला.

‘आपल्याला न विचारता?’ औषधविक्रेत्याने फोनवर पहिला प्रश्न हा केला.

‘अहो, आली की!’ चार नंबर म्हणाला. ‘आता सभागृह बघा, लवकर बघा.’

सभागृह बघण्यासाठी उपसमिती नेमली गेली. एवढे सदस्य मावतील असं सभागृह शहरात नव्हतं. मैदान घ्यावं तर दिवे मालवता येत नव्हते. बॅचेस पाडाव्यात तर पहिल्या बॅचला पुढचं ठाऊक होऊन ती दुसऱ्या बॅचला बाहेर पडताना दारात भेटली असती. बॅचेससाठी दोन दारांचं सभागृह शोधायला दुसरी उपसमिती नेमण्यात आली.

इकडे चार नंबरच्या घरात वेगळंच संकट उभं राहिलं. त्याची बायको मंडळाची सदस्य नव्हती. तिने कणीक तिंबता तिंबता फोन डब्याला टेकवून ठेवला आणि मालिका पाहिली. आधी हसली. मग रडली. मग पुन्हा पहिल्यापासून लावली.

‘अहो, या ना बघायला,’ तिने हाक मारली. ‘तुमच्यासारखाच आहे हो तो अगदी. असाच पेन कानाला लावून बसतो.’

‘बोलू नकोस!’ चार नंबर दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडला. ‘पेनबद्दल बोलू नकोस! अध्यक्ष आहे मी!’

‘वर्षभर जीव टाकलात ना त्या गाण्यावर? मग बघायला काय झालंय?’

‘जीव टाकलाय म्हणूनच नियम पाळतोय ना, अगं!’

त्या दिवसापासून बायकोने गुणगुणायला सुरुवात केली की चार नंबर जिन्यात जाऊन उभा राहू लागला. शेजाऱ्यांना वाटलं, दोघांचं बिनसलंय.

पुढच्या आठवड्यात खिडकी क्रमांक चारसमोर एक बाई उभी राहिली. नळाचं काम नव्हतं तिचं. हाताला वाफेचा आणि धुतलेल्या कापडाचा वास येत होता.

‘प्रतीक्षक मंडळाचे अध्यक्ष तुम्हीच ना? मी ‘खिडकी बंद आहे’वाली. चाली माझ्या आहेत.’

चार नंबर उभाच राहिला. तो म्हणाला, ‘बसा,’ आणि खिडकीच्या त्या बाजूला खुर्ची नसते हे त्याच्या लक्षात आलं.

‘उभीच बरी आहे,’ बाई म्हणाली. ‘एकच विचारायचंय. तुमचे सदस्य एवढे हजारो, रोज आमच्याबद्दल लिहितात. आणि भाग पाहिलाय सगळ्या मिळून एकोणीस जणांनी. त्यात आम्ही तिघं आणि आमच्या घरचे. डॉक्टर म्हणतात, आपली चीजच वाईट असेल. मास्तरांनी तर कॅमेरा विकायला काढलाय. दुसरा भाग तयार आहे, पण कुणासाठी लावू? महिनाअखेरपर्यंत वाट बघणार, नाहीतर काढून टाकणार सगळं.’

‘काढू नका,’ चार नंबर काकुळतीला येऊन म्हणाला. ‘फार सुंदर आहे ती.’

‘तुम्ही पाहिलीत?’

‘नाही ना.’

‘मग पाहा. एवढंच म्हणतेय मी. तुम्ही एकट्याने पाहिलीत तरी चालेल. आमच्या डॉक्टरांना सांगता येईल, की ज्याच्यासाठी लिहिलं त्याने पाहिलं.’

‘यासाठी तुम्हाला कार्यवाहांकडे अर्ज करावा लागेल,’ तो म्हणाला. बाई आलेल्या वाटेने परत गेली, आणि रांगेतला पुढचा माणूस आपली पावती काचेखालून सरकवू लागला.

संध्याकाळी चार नंबरने तातडीची सभा बोलावली आणि आपलाच नियम रद्द करावा असा ठराव मांडला.

‘कशासाठी?’ मुख्याध्यापक रागावले. ‘नियम रद्द करण्याइतकी ती मालिका चांगली आहे का?’

‘ते पाहिल्याशिवाय कसं कळणार?’

‘बरोबर. म्हणजे आधी कुणीतरी पाहायला हवी.’

‘आणि जो पाहील,’ औषधविक्रेत्याने नियमावर बोट ठेवलं, ‘तो अपात्र. अपात्राचं मत धरता येत नाही.’

‘मग न पाहिलेल्यांनी ठरवा!’

‘न पाहिलेल्यांना काय ठाऊक?’ मुख्याध्यापकांनी विचारलं. ‘अध्यक्षमहाराज, तुमचा नियम फार विचारपूर्वक लिहिलेला आहे. आम्ही तो असा वाऱ्यावर सोडणार नाही.’

चार नंबरच्या जागी दुसरा कुणी असता तर घरी गेला असता, फोन उघडला असता आणि मालिका पाहून मोकळा झाला असता. पण हा खिडकीमागे बसलेला माणूस होता. पदावर असताना नियम मोडायचा नाही. मोडायचा झाला तर आधी पद सोडायचं, आणि पद सोडायचं तर रीतसर सोडायचं. त्याने तिथल्या तिथे राजीनामा दिला. औषधविक्रेत्याने तो वाचला, त्यात एक शब्द बदलायला सांगितला, आणि सगळ्यांच्या वतीने दुःख व्यक्त करून कळवलं, की राजीनामा महिनाअखेरीस अमलात येईल.

ते दिवस चार नंबरने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. नागरिक समोर येत, तो त्यांच्याकडे पाही आणि आत कुठेतरी ती चाल वाजू लागे. ‘पुढच्या खिडकीवर जा,’ असं म्हणणं त्याच्या जिवावर येऊ लागलं. पण पाहायची नाही म्हणजे नाही. महिना संपला त्या संध्याकाळी तो कार्यालयातून थेट घरी आला, चांगला शर्ट घातला, बायकोला शेजारी बसवलं आणि फोन उघडला.

पडद्यावर लिहिलं होतं: ही मालिका निर्मात्यांनी काढून घेतली आहे.

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तो इतका वेळ त्या ओळीकडे पाहत बसला, की पडदा आपोआप काळा झाला. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

‘मला पाठ आहे सगळी,’ ती हळूच म्हणाली. ‘पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत. मी म्हणून दाखवते तुम्हाला. आवाज काही तिच्यासारखा नाही, पण चाल पक्की आहे. म्हणू?’

चार नंबरने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि त्याने घाईघाईने तिचा हात धरला.

‘नको. थांब. कधीतरी परत लावतील त्या बाई. तेव्हा मन कोरं हवं.’

‘कोरंच आहे ते,’ बायको म्हणाली, आणि उठून स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी ती गुणगुणली नाही.

मालिका गेल्याची बातमी मात्र वणव्यासारखी पसरली. मंडळाने शोकसभा घेतली, तिला सभागृह लगेच मिळालं. ‘काळाच्या पुढची कलाकृती’ असं मुख्याध्यापक म्हणाले. औषधविक्रेत्याने ‘आमची मालिका परत द्या’ ही मोहीम काढली आणि लाखो लोकांनी तिला पाठिंबा दिला. त्यांतल्या कित्येकांनी लिहिलं, की एवढ्या ताकदीचं काम त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मोहिमेखाली रडव्या चेहऱ्यांचा नुसता पूर लोटला. प्रस्तुत लेखकानेही एक चेहरा लावला. पाहण्यापेक्षा ते फार लवकर उरकतं.

तुम्हीही लिहिलं होतंत तिथे. आठवतं? ‘अशा गोष्टींची आपल्या लोकांना कदरच नाही,’ असं.

नाही? मग दुसऱ्या कुठल्यातरी मालिकेखाली लिहिलं असेल.