अर्ज क्रमांक सतरा

सन्मानपत्र मिळायला अजून तीन तास होते, पण ते टांगायचा खिळा साहेबांनी सकाळीच दिवाणखान्याच्या भिंतीवर ठोकून ठेवला. पस्तीस वर्षं गाडी चालवून एकही दंड नाही, हा पराक्रम वाहतूक शाखेच्या कानावर त्यांनी स्वतःच घातला होता, आणि तोही सतरा वेळा. प्रत्येक अर्जाच्या सुरुवातीला स्वतःची ओळख आणि शेवटी 'हमरस्त्यावर कॅमेरा बसवावा' ही विनंती. अखेर शाखेने हात टेकले आणि कॅमेरा बसवला. कॅमेऱ्याचं उद्घाटन आणि साहेबांचा सत्कार एकाच समारंभात उरकायचं ठरलं. नाहीतर अठरावा अर्ज आला असता.

साहेब एका मोठ्या कचेरीचे अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. बाई त्याच कचेरीत टायपिस्ट होत्या. लग्न होऊन त्या साहेबांच्या घरी आल्या, पण 'बाई' हे नाव आणि टायपिंगचं काम दोन्ही त्यांना सुटलं नाही. साहेब येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचे, बाई टाइप करायच्या, मग साहेब समास आणि तारीख तपासून सही ठोकायचे. टाइप झालेला मजकूर पुन्हा वाचणं हे खालच्या लोकांचं काम, असं त्यांचं ठाम मत होतं.

हमरस्त्यावर वेगाची मर्यादा ऐंशीची होती. साहेब साठने जायचे. आता साठने जायला कुणाची ना असणार? पण साहेब साठने जायचे ते ओव्हरटेकच्या लेनमधून. तिथे खड्डे कमी, शिवाय मागच्यांना शिस्त लागते, असा दुहेरी फायदा त्यांनी शोधून काढला होता. कॉलनीत त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ फिरली की 'गतिरोधक'.

सत्काराला म्हणून जावई सकाळीच येऊन बसला होता. वेगासाठी तीनदा दंड भरूनही त्याला अक्कल आली नव्हती, असं साहेब पाहुण्यांना त्याची ओळख करून देताना सांगत.

"बाबा, कॅमेऱ्याने काय होणार? माणसं कॅमेऱ्यापुरती हळू होतात आणि खांब मागे पडला की पुन्हा सुसाट."

"तुझ्यासारखी माणसं. म्हणून तर रस्त्यावर माझ्यासारखी लागतात."

"पण तुम्ही त्या लेनमध्ये कशाला जाता? ती पुढे जायची लेन आहे."

"मग मी काय मागे जातो?"

"तसं नाही हो. मागून कुणी आलं तर त्याला वाट द्यायची असते."

"म्हणजे तो बेफाम जाणार आणि मी दार उघडून 'या, बसा' म्हणू?"

"ऐंशीची परवानगी आहे, बाबा!"

"परवानगी आहे म्हणून प्रत्येक गोष्ट केलीच पाहिजे का? तुला दुसरं लग्न करायची परवानगी दिली तर करशील?"

जावयाने घाईघाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला. बाई पर्स घेऊन बाहेर आल्या.

"अहो, तास आधी निघू या. भाचीच्या लग्नाला पोहोचलो तेव्हा नवरा-नवरी फिरायलासुद्धा निघून गेले होते."

"सुखरूप पोहोचलो ना?"

"आपण पोहोचलो. लग्न नव्हतं तिथे. नाहीतर असं करा, आज मी चालवते."

"तुझं लायसन्स कपाटात आहे तेच बरं. तू पंचाहत्तरने नेतेस."

बाईंनी पर्स काखेला मारली. जावई म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी आवरून येतोच मागून." बिचाऱ्याचे शब्द अक्षरशः खरे ठरायचे होते.

हमरस्त्याला लागताच साहेबांनी आपली लाडकी लेन पकडली. शेजारच्या लेनमध्ये पाण्याचा एक टँकर होता, तोही साठने चाललेला. दोघांची अशी काही जोडी जमली की टँकर आणि साहेब मिळून आख्खा रस्ता भरला. पाच मिनिटांत मागून हॉर्न सुरू झाले. एक पांढरी गाडी तर अगदी पाठीला लागली आणि दिवे मारू लागली.

"अहो, द्या ना वाट. काही महत्त्वाचं काम असेल."

"महत्त्वाचं काम असलेली माणसं वेळेवर निघतात. बघ, बघ कशी उतावीळ झालीय! आता हिला धडाच शिकवतो." असं म्हणून साहेबांनी वेग पंचावन्नवर आणला आणि उजव्या हाताचं बोट उंच करून बाईंना रस्त्यावरच्या शिस्तीवर चार शब्द ऐकवले. टँकरवाल्याला बहुधा ही सोबत आवडली असावी. त्यानेही वेग कमी केला. त्याच वेळी वर खांबावर काहीतरी लुकलुकलं.

"आपला कॅमेरा!" साहेबांचा ऊर भरून आला. "सापडली बघ पांढरी गाडी."

सभागृहाशी ते दहा मिनिटं आधी पोहोचले. गाडी इमारतीच्या मागे लावून पुढच्या पायऱ्यांवर आले, तर दाराला कुलूप. ना माणूस, ना खुर्ची, ना माईक.

"एक माणूस वेळेवर नाही!" साहेब कडाडले. "या देशाचं काय होणार?"

मग माणसं येऊ लागली, एकामागून एक, सगळी घामाघूम. आधी वाहतूक शाखेच्या अधिकारी मॅडम आल्या आणि त्यांच्याबरोबर कुलपाची किल्ली घेतलेला कारकून. मग पडदा आणि माईक घेतलेली दोन माणसं. मग फोटोग्राफर. मग तीस-चाळीस निमंत्रित. सर्वांत शेवटी जावई. साहेबांनी एकेकाला घड्याळ दाखवून झाडलं. मॅडमनाही सोडलं नाही.

"साडेदहाची वेळ होती, मॅडम."

"हो ना. वाटेत अडचण झाली."

"बेशिस्त चालक?"

"तसंच काहीसं," मॅडम म्हणाल्या. "आत्ता गाडी लावताना त्यांची गाडी मागे उभी दिसली."

"इथे? सोडू नका त्याला!"

जावई साहेबांची बाही ओढत होता. "बाबा, जरा ऐका..."

"तू आधी वेळेवर यायला शीक."

समारंभ सुरू झाला. साहेब व्यासपीठावर, बाई पहिल्या रांगेत. मॅडम माईकपाशी गेल्या. "कॅमेरा आज सकाळीच सुरू झालाय. त्याने टिपलेला पहिला नियमभंग आपण पडद्यावर पाहू या." सर्वांत आधी टाळी वाजवली ती साहेबांनी. ती हवेत असतानाच पडद्यावर चित्र आलं.

एक निळी गाडी. तिचा नंबर ठसठशीत. काचेआड साहेब, बोट उंच केलेले, आणि शेजारी बाई, खिडकीबाहेर बघणाऱ्या. मागे मॅडमची पांढरी गाडी, तिच्या मागे पडदा-माईकचा टेम्पो, आणि त्यामागे क्षितिजापर्यंत पोहोचलेली निमंत्रितांची रांग. वेग पंचावन्न. खाली लिहिलं होतं, 'ओव्हरटेकची लेन अडवून ठेवणे.' मागच्या खुर्चीवरून जावयाचा ठसका ऐकू आला.

"असा नियमच नाही!" साहेब उठून उभे राहिले. "मी साठच्या वर गेलोच नाही!"

"नियम नवा आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आणि सूचना तुमचीच. म्हणून तर सत्कार ठेवला. अर्ज क्रमांक सतरा, परिच्छेद सहा." त्यांनी फाइल उघडून वाचून दाखवलं. "'काही वयस्कर गृहस्थ ओव्हरटेकच्या लेनमध्ये ठाण मांडून बसतात व त्यामुळे मागच्यांची लग्नकार्ये चुकतात. कॅमेऱ्याने अशांनाही पकडावे.' खाली तुमची सही आहे."

साहेबांनी सही पाहिली. ती त्यांचीच होती, पल्लेदार, खाली दोन रेघा मारलेली. समास नेमका होता, तारीख बरोबर होती. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. बाई पर्सची चेन लावत होत्या आणि ती काही केल्या लागत नव्हती.

"आता सन्मानपत्राचं एवढंच," मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, "की यात 'एकही दंड नाही' असं छापलंय. तेवढी ओळ खोडते आणि मग देते."

साहेबांनी खोडलेलं सन्मानपत्र घ्यायचं नाकारलं. पस्तीस वर्षं जपलेली गोष्ट पस्तीस माणसांदेखत गेली, हे त्यांना फार लागलं होतं. गाडीपाशी आल्यावर त्यांनी मुकाट्याने किल्ली बाईंच्या हातात ठेवली. बाईंनी पर्समधून लायसन्स काढलं. म्हणजे ते कपाटात नव्हतंच.

परतीच्या वाटेवर बाई आपल्या लेनमधून पंचाहत्तरने निघाल्या. पुढे एक बस आली, म्हणून ओव्हरटेकच्या लेनमध्ये शिरल्या, तर समोर टोपी घातलेले एक आजोबा, गाडी पन्नासवर, अगदी निवांत. एक मिनिट गेलं. दोन गेली. साहेबांचा पाय त्यांच्या बाजूला नसलेला ॲक्सिलरेटर दाबू लागला.

"अगं, हॉर्न वाजव! हा काय प्रकार आहे? रस्ता काय याच्या बापाचा आहे?"

"घरी गेल्यावर अर्ज करू या," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा, मी टाइप करते."

साहेबांनी समोरच्या टोपीवर डोळे वटारले.

"या वेळी मी वाचून सही करणार," ते म्हणाले.

"वाचा की. पहिल्या सोळांतही होता तो परिच्छेद."