शिडी कोणी धरायची?

चिक्.

घर नुकतेच शांत झाले होते. आधी मांडीवर, मग खांद्यावर मनसोक्त रडून झाल्यावर बाळाने आईवर उपकार केल्यासारखे डोळे मिटले होते, आणि ती त्याच्या मानेखालून आपला हात एकेका बोटाने सोडवून घेत होती. करंगळी तेवढी राहिली होती. तेवढ्यात हा आवाज. बाळाची पापणी थरथरली. तिने श्वास रोखून धरला.

"पाल असेल," दारातून सासूबाई कुजबुजल्या.

"आई, आपल्याकडे पाल नाहीये."

"आज आली असेल."

चिक्.

पाल नव्हती. पॅसेजच्या छताला धुराचा अलार्म होता. त्याची बॅटरी संपत आली होती आणि तो दर थोड्या वेळाने तशी वर्दी देत होता. पॅसेज अरुंद, पण छत मात्र दोन माणसे एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढे उंच. खरी पाल आता चुकचुकली ती तिच्या मनात. ही बॅटरी संपली आणि नेमकी तेव्हाच आग लागली तर? मुले झाल्यापासून तिच्या मनाला 'तर' या शब्दाचा फार लळा लागला होता.

नवरा म्हणाला, "त्यात काय! टेबलावर खुर्ची, खुर्चीवर मी. दोन मिनिटांचं काम."

"आणि मग तुमच्यावर टेबल."

"तू नं, सरळ जमिनीवर चालतानासुद्धा घाबरशील."

"घाबरतेच. परवा तुम्ही सरळ जमिनीवरच घसरला होतात."

शेवटी शिडी आणायचे ठरले. दुकानदाराने भिंतीला टेकवलेल्या शिड्या एकेक करून दाखवल्या. घडीची छोटी, सरळसोट लांब, आणि एक अ‍ॅल्युमिनियमची, जिला जागोजागी बिजागऱ्या होत्या. ही म्हणे उभी होते, तंबूसारखी होते, मध्ये फळी टाकली की मचाणही होते.

"वजन किती पेलते?" तिने विचारले.

"दीडशे किलो."

तिने नवऱ्याकडे आपादमस्तक पाहिले. तो पोट आत घेऊन उभा राहिला.

"पायांना रबर आहे? पायऱ्या घसरत नाहीत? आणि चढल्यावर ही मधूनच मिटली तर?"

"ताई, नीट लावली तर नाही मिटत. प्रत्येक बिजागरीचा कट् असा आवाज आला पाहिजे. कट् नाही, तर चढायचं नाही. धातूची आहे, विजेच्या तारांपासून लांब ठेवा. तोंड शिडीकडे ठेवून चढायचं, तसंच उतरायचं. सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायचं नाही. आणि खाली एकाने धरलेली बरी."

नवरा एव्हाना शिडी खांद्यावर टाकून निघालाही होता. ती मात्र प्रत्येक वाक्य मनात घोळवत होती. शेवटचे वाक्य तर तिने पदरात निखारा बांधून आणावा तसे जपून घरी आणले. खाली एकाने धरायची.

मुहूर्त ठरला बाळाच्या झोपेचा. ते नुकते रांगू लागले होते. जागे असते तर पहिल्यांदा शिडीवर तेच चढले असते. खोलीत पलंगाभोवती जमिनीवर गाद्या, गाद्यांभोवती उशा असा तट तिने उभारला. बाहेरचे दार शिडीवर आपटू नये म्हणून त्याला कडी घातली. धाकधूक होतीच, पण निदान पाया तरी भक्कम झाला.

शिडीने मात्र पहिल्या झटक्यात शिडी व्हायचे नाकारले. नवऱ्याने इकडे ओढले, ती खाट झाली. तिकडे ओढले, तर कोळ्यासारखे पाय पोटाशी घेऊन बसली.

"दुकानात तर शहाण्यासारखी वागत होती," नवरा घाम पुसत म्हणाला.

"माहेरी सगळ्याच वागतात," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने ऐकून न ऐकल्यासारखे केले, कारण तिचे कान बिजागऱ्यांकडे लागले होते. शेवटी शिडी तंबूसारखी उभी राहिली. कट्, कट्, कट्. पुढचा कट् आला तेव्हा नवरा गुडघ्यावरून उठत होता.

"थांबा. हा बिजागरीचा होता की तुमच्या गुडघ्याचा?"

नवऱ्याने पुन्हा बसून दाखवले. गुडघा वाजला. मग बिजागरी नव्याने लावली, आणि खणखणीत कट् ऐकूनच तिने मान डोलावली.

तो चढू लागला. तिने शिडीचे दोन्ही खांब असे आवळले की बोटे पांढरी पडली.

"आणि तुला कोण धरणार?" म्हणत सासूबाईंनी तिची कंबर पकडली. पाच वर्षांची लेक भिंगरी आजीच्या पायांना बिलगली. एकूण आगगाडी तयार झाली. इंजिन तेवढे हवेत.

इंजिन वर पोचले आणि थांबले.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग अलार्म काढा ना."

"काढतो. आधी जरा... तू बोलू नकोस."

तिने वर पाहिले. नवऱ्याने शिडीला मिठी मारली होती. डोळे घट्ट मिटलेले.

"अहो, तुम्हाला उंचीची भीती वाटते?"

"मला तरी कुठं माहीत होतं?" वरून बारीक आवाज आला. "बॅटरी दे म्हणणार होतो. ती खालीच राहिली. म्हणून खाली बघितलं."

बॅटरी भिंगरीच्या मुठीत होती. आणि त्याच क्षणी आतून बाळाचा टाहो फुटला.

कोणी हलले नाही. बाळाच्या खोलीकडे जायची वाट शिडीच्या पोटाखालून. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात, तसली गत.

"आई, तुम्ही जाता?"

"मी तुला सोडलं, तू हललीस, तर तो पडला ना! आणि मला आता वाकवतं कुठं?"

"मी जाते," भिंगरी म्हणाली आणि शिडीखालून सुळकन पलीकडे गेली. बॅटरीसकट.

थोडा वेळ रडणे चालू राहिले. मग एकदम थांबले.

रडणे परवडले असते. बाळ पलंगावरून पडले? उशीत नाक दबले? आणि बॅटरी... हल्ली हाताला लागेल ते तोंडात जाते! वर नवरा, आत बाळ, आणि हात मात्र दोनच.

"भिंगरी!"

उत्तर नाही.

तिने एक बोट सोडले. शिडी हलली नाही. दुसरे सोडले. मग डोळे मिटून दोन्ही हात सोडले, सासूबाईंची मिठी सोडवली आणि गुडघ्यांवर बसून, डोक्यावर नवरा घेऊन, शिडीखालून रांगत ती पलीकडे गेली.

बाळ तटाच्या आत बसून हसत होते. भिंगरी पलंगाच्या कडेशी टेकून, बॅटरी पाठीमागे लपवून त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"चिक्," भिंगरी म्हणाली. बाळ खिदळले.

"तू ओ का नाही दिलीस गं?"

"ओ दिली की तो रडतो. चिक् केलं की हसतो."

तिने बाळाला उचलून छातीशी धरले, भिंगरीच्या मुठीतून बॅटरी काढून घेतली, आणि मग तिला एकदम आठवण झाली. नवरा!

नवरा होता तिथेच होता. शिडीही. सासूबाई भिंतीला टेकून कपाळाला हात लावून दोघांकडे, लेकाकडे आणि शिडीकडे, पाहत होत्या.

बाळाला तिने शिडीखालून सासूबाईंच्या हाती दिले, स्वतः रांगत अलीकडे आली आणि नवऱ्याची टाच पकडली. गेला आठवडाभर ती बाळाला पलंगावरून उतरायला शिकवत होती. तोच सूर आपोआप लागला.

"खाली बघायचं नाही हं. पोट टेकलेलंच राहू दे. आधी एक पाय. अस्सं. शहाणं माझं. आता दुसरा."

नवरा निमूटपणे एकेक पाय देत उतरला. जमीन लागल्यावर म्हणाला, "हे कोणाला सांगू नकोस."

"बॅटरी राहिली की," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने शिडीकडे पाहिले, मग बायकोकडे. मग तो वाकला आणि त्याने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

ती चढली. तोंड शिडीकडे ठेवून, एकेक पायरी. जुनी बॅटरी निघाली, नवी बसली. वरून तिला सगळ्यांच्या डोक्यांचे भांग दिसले. एवढ्याशा जागेत सगळे घर मावले होते.

दुपार सरली. चिक् थांबले. घर इतके शांत झाले की बाळाला झोपच येईना. शेवटी भिंगरीला त्याच्या कानाशी बसून दर थोड्या वेळाने चिक् करावे लागले, तेव्हा कुठे त्याचे डोळे मिटू लागले. आई त्याचे इवलेसे पाऊल मुठीत धरून बाजूला आडवी झाली होती.

"आई," भिंगरी हळूच म्हणाली.

"हं?"

"मघाशी तू शिडी सोडून आलीस ना? तरी बाबा पडले नाहीत."

"नाही पडले."

भिंगरीने बाळाच्या पावलाभोवतीच्या आईच्या मुठीकडे पाहिले. जरा विचार केला. मग विचारले, "मग आई, तू धरतेस कशाला?"