माझा सातवा नादारी अर्ज

मावशीच्या दुकानात शिलाई मशिनं चार, कात्र्या सात, इस्त्र्या दोन, इंचपट्ट्या तीन आणि विज्ञानाची पदवीधर एक. ती मी. तिन्ही इंचपट्ट्या मी पोलादी मोजपट्टीला लावून तपासल्या आहेत. त्यातली एक वापरून वापरून दोन सेंटिमीटर ताणली गेलीय. ती लावली की गिऱ्हाईक बारीक भरतं. मावशी ती काही खास गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवते.

तर या सगळ्यात शुक्रवारी चार वाजता एक भागीदार वाढणार होता. पडदेवाले! त्यांच्याकडे प्रशस्त गाळा होता पण मशिनं नव्हती. आमच्याकडे मशिनं होती पण वळायला जागा नव्हती. करारावर सही झाली की चारही मशिनं सामाईक होणार होती. मावशी खुशीत होती.

सोमवारी सकाळी बटणवाला आला. बटणं मोजून दिली आणि जाता जाता म्हणाला, "पडदेवाल्याशी भागीदारी? त्याचं एकदा दिवाळं निघालंय म्हणे!"

मावशीचा पाय मशिनच्या पायडलवरच थांबला.

"म्हणे म्हणजे? कोण म्हणे?"

"लोक! आता तो पुन्हा बुडाला, तर वसुलीवाले भागीदाराचीसुद्धा मशिनं उचलतात हो," असं म्हणून, उशीर झाल्याचं सांगत तो निघून गेला. अफवा सोडून जाणाऱ्याला उशीर नेहमी होतच असतो.

मावशीने बावीस वर्षं खपून ती चार मशिनं उभी केली होती. तिने दोरा तोडला, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"शास्त्रज्ञीणबाई, आता?"

"आता काय? तपासायचं!" मी म्हणाले. "दिवाळखोरीचं प्रकरण कोर्टात चालतं. कोर्टात चाललं म्हणजे नोंद असणारच. आणि नोंद सार्वजनिक असते, कुणीही मागावी! एका तासात पुरावा तुझ्या मशिनवर आणून ठेवते."

"एका तासात?"

"जाऊन येऊन!"

कोर्टाच्या कचेरीत तळमजल्यावर खिडक्या पाच होत्या, त्यातल्या उघड्या दोन. एकीवर पाटी होती 'नक्कल विभाग'. मी सरळ पुढे होऊन म्हटलं, "मला नक्कल हवी."

"कुणाची करून दाखवू?" रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं. रांग हसली. आत बसलेल्या बाई हसल्या नाहीत. कपाळाला शिक्क्याची शाई लागलेली असतानाही त्या भारदस्त दिसत होत्या. मी मनातल्या मनात त्यांना नक्कलबाई म्हणू लागले.

"कसली नक्कल?"

"दिवाळखोरीच्या नोंदीची. एका गृहस्थांच्या."

"इथे दिवाळखोरी म्हणत नाहीत. नादारी म्हणतात. प्रकरण क्रमांक?"

"माहीत नाही."

"साल?"

"माहीत नाही."

"मग तुम्हाला माहीत काय आहे?"

"माझा हक्क!" मी बाणेदारपणे म्हणाले.

"तो सगळ्यांनाच माहीत असतो," नक्कलबाई म्हणाल्या. "क्रमांक नसेल तर नावावरून शोध. गेल्या वीस वर्षांची सूची बघतो. सापडलं तर प्रकरण क्रमांक मिळेल, त्यावर नक्कल मागा. नाही सापडलं तर निरंक दाखला, म्हणजे नोंद नाही असा. समोर अर्ज आहेत. शुल्काचा तक्ता भिंतीवर."

मी तक्ता वाचला. शोधाला शुल्क, नकलेला शुल्क, आणि तातडीचं हवं असेल तर दुप्पट! विज्ञानाची पदवी घेऊन मी मावशीकडे काज-बटणं करत होते. एवढं शुल्क देणार कुठून? तेवढ्यात माझी नजर टेबलाच्या टोकाला गेली. शोध अर्जांच्या शेजारी आणखी एक गठ्ठा होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: नादारी अर्ज.

माझं मन भरून आलं! पाचवी ते दहावी, दर वर्षी शाळा सुरू होताना, मी नादारी अर्ज भरला होता. घरची परिस्थिती लिहायची, खाली सही करायची, की फी माफ. सहा वर्षांत सहा अर्ज, आणि एकही नामंजूर नाही! इथेही गरिबांची सोय केलेली बघून माझा न्यायव्यवस्थेवरचा विश्वास वाढला. मी दोन्ही अर्ज उचलले.

शाळेच्या अर्जापेक्षा हा बराच सविस्तर होता. मला सविस्तर अर्ज आवडतात. 'देणी फेडण्यास असमर्थ आहात काय?' होय. 'एकूण मालमत्ता?' सायकल एक (ब्रेक फक्त पुढचा), सूक्ष्मदर्शक एक (लेन्सला चरा). 'घेणेकऱ्यांची नावे व तपशील?' मी नीट आठवून लिहिलं. मावशी: एका पँटची शिलाई. मैत्रीण: कॅल्क्युलेटर एक, वापरण्यास घेतलेला. कॉलेजची प्रयोगशाळा: फुटलेली ब्युरेट एक.

नक्कलबाईंनी अर्ज वाचले. मग मला वरपासून खालपर्यंत वाचलं.

"दोन्ही द्यायचेत?"

"दोन्ही."

"एवढ्या लहान वयात!"

"वयाचा काय संबंध? उत्पन्न नसेल तर हा आपला हक्कच आहे!"

"आहे खरा. पण लोक लाजतात हो."

"मी नाही लाजत! शाळेपासून करतेय."

नक्कलबाईंचा हात शिक्क्यावर थांबला. "शाळेपासून?"

"सहा वेळा. दर वेळी मंजूर!"

त्यांनी शेजारच्या कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने खुर्ची जरा मागे सरकवली.

"घरी माहीत आहे?"

"घरच्यांनीच तर शिकवलं!"

धाडकन शिक्का पडला. "शोध अर्जाचं शुल्क?" त्यांनी विचारलं. मी दुसऱ्या अर्जाकडे बोट दाखवलं. त्या उसासा टाकून म्हणाल्या, "बरोबर आहे. तुमच्याकडून काय घेणार!" आणि शुल्क खरंच माफ झालं. आता सांगा, माझं काय चुकलं?

गुरुवारी दुपारी दुकानात पाकीट आलं. कोर्टाचं होतं, पण मावशीच्या नावाचं. इतकी तत्पर कचेरी मी जन्मात बघितली नाही! मावशीने मोठ्याने वाचलं, "सदर अर्जदाराने स्वतःस नादार जाहीर करण्याची विनंती केली असून, घेणेकरी या नात्याने आपण शुक्रवारी अकरा वाजता…" इथे ती थांबली. "अगं, हे तुझं नाव आहे!"

"कुठे बघू?"

"माझी पँटची शिलाई बुडवायला तू कोर्टात गेलीस?"

"फी माफीसाठी गेले होते!"

"घरात मागितली असतीस तर मी केली असती माफ!"

फोन वाजला. मैत्रीण होती. "माझा कॅल्क्युलेटर विकू नकोस हं! निदान सुनावणी होईपर्यंत!"

संध्याकाळी बटणवाला कचेरीवरून आला. माझं नाव फलकावर लागलेलं त्याने स्वतः वाचलं होतं. या वेळी तो 'म्हणे' म्हणाला नाही. आणि दुकान बंद करताना पडदेवाल्यांचा निरोप आला: उद्याची सही तूर्त थांबवावी.

मावशीने मशिनवर खोळ घातली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याचं दिवाळं शोधायला गेलीस आणि आपलंच घेऊन आलीस."

शुक्रवारी अकरा वाजता कोर्टात मावशी, मैत्रीण आणि ब्युरेटचं बिल घेऊन आलेले प्रयोगशाळेचे परिचर असे घेणेकरी ओळीने बसले. मागच्या बाकावर पडदेवाले होते!

न्यायाधीश साहेबांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी उभं राहून सगळं सांगितलं. शाळा, सहा अर्ज, फी माफी, सगळं. नक्कलबाईंनी खाली मान घालून रुमाल तोंडाशी धरला होता. त्या रडत नव्हत्या.

"अर्ज मागे घेता येईल," साहेब म्हणाले. "परवानगी आहे."

"आणि नोंद खोडा!"

"नोंद खोडत नाहीत. मागे घेतला असा शेरा पडेल."

"पण नोंद खोटी आहे!"

"तुम्ही अर्ज केला होता ना?"

"केला होता."

"मग नोंद खरी आहे. तुम्ही विज्ञान शिकलात. प्रयोगवहीत चुकलेला आकडा खोडता का?"

"नाही," मी म्हणाले, "एक रेघ मारून शेजारी सही करतो."

"करा," साहेब म्हणाले आणि वही माझ्याकडे सरकवली. मी सही केली. ठळक केली. चूक माझी होती, पण अक्षर का वाईट काढायचं?

बाहेर मावशीने पडदेवाल्यांना गाठलं.

"तुम्ही इथे काय करताय?"

पडदेवाले अवघडले. "ताई, राग मानू नका. भाचीचं नाव फलकावर बघितलं. म्हटलं, तुमच्याही नावाचा शोध घ्यावा. अर्ज टाकला होता."

"आमची चौकशी केलीत?"

"सहीआधी करायला नको?"

"करायलाच हवी! आम्हीही तुमची करत होतो. बटणवाला म्हणाला, तुमचं दिवाळं निघालंय."

"दिवाळं? मागच्या वर्षी मी दिवाणखान्याचे पडदे विकणं बंद केलं, हे त्याला सांगितलं होतं! त्याला एका कानाने कमी ऐकू येतं."

मग मावशी म्हणाली, "कापड भिजवून बघितल्याशिवाय जो कापत नाही, असाच भागीदार हवा होता मला. चार वाजता सही."

"एक अट," पडदेवाले म्हणाले. "दुकानाचे अर्ज तुमच्या भाचीने भरायचे नाहीत."

"तीच भरेल!" मावशी कडाडली. "एक रकाना मोकळा सोडत नाही पोरगी! फुटलेली नळीसुद्धा लपवली नाही तिने. फक्त आधी मथळा मोठ्याने वाचेल."

खिडकीतून नक्कलबाईंनी हाक मारली. शोधाचे निकाल तयार होते. घरचं म्हणून त्यांनी माझंही नाव सूचीत बघितलं होतं. चार वाजता मी तिन्ही कागद मावशीच्या मशिनवर ठेवले आणि मथळ्यापासून मोठ्याने वाचले.

नादारी सूची, मागील वीस वर्षे. पडदेवाले: निरंक. मावशी: निरंक. भाची: एक.