डोमाजीभाऊंचं ‘नाई’

डोमाजीभाऊ मंगळवारी गेले. पुढच्या ग्रामसभेत सगळे ठराव एकाच बैठकीत मंजूर झाले.

बाहेरच्या माणसाला यातलं दुसरं वाक्य आनंदाचं वाटेल. आमच्या गावात त्या दिवशी सभा संपल्यावरही कोणी उठेना.

कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव आहे. इथला बांबू आणि तेंदूपानं गाव स्वतः विकतं आणि त्या पैशातून काय करायचं ते चिंचेखाली बसून ठरवतं. हात वर करून मोजणी करायची पद्धत आमच्याकडे नाही. सगळ्यांचं होय असेल तरच होय. एकानं जरी ‘नाई’ म्हटलं तरी ठराव तिथेच थांबतो. मग ज्याचा नकार असेल त्याच्या घरी गावानं जायचं, बसायचं, त्याचं ऐकायचं, आपलं सांगायचं, आणि तो मानेपर्यंत जात राहायचं, अशी रीत आहे. बाकीची माणसं आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी नाही म्हणतात. डोमाजीभाऊ दर सभेला म्हणत.

मी त्यांचा शेजारी. आमच्या दोघांत एक कुंपण, तेही त्यांच्या बाजूनं मोडलेलं. ते दुरुस्त करायला त्यांची हरकत होती.

विषय वाचून होईपर्यंत ते डोळे मिटून बसत. मग घसा खाकरत. तो खाकरा ऐकला की मागे बसलेल्या बाया पदर खोचून उठत. आज काही होत नाही, हे त्यांना कळलेलं असे.

“माझं नाई हाय,” भाऊ म्हणत आणि पुन्हा डोळे मिटत.

रस्त्यावर सौरदिवे लावायचं ठरत होतं. भाऊ म्हणाले, “लावा. पन उजेड पडला त कोन कोनाच्या घरून निघून राह्यला, ते साऱ्याइले दिसन.” मग दोन-तीन प्रतिष्ठित माणसांनी, दिव्यांचा नीट अभ्यास व्हायला हवा, असं मत मांडलं. मधमाश्यांच्या पेट्या आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, “माश्याइले इचारलं का? त्याइचंबी घर उठून राह्यलं ना गा.” पेट्या देणाऱ्या संस्थेचा तरुण या प्रश्नाला उत्तर शोधत आठवडाभर त्यांच्या घरी येत राहिला. जाताना त्यांच्या पाया पडून गेला.

एकदा जिल्ह्याच्या गावाहून एक साहेब आले. पडदा लावून त्यांनी आम्हाला आमच्या भागाचा विकास दाखवला. त्यात बाण होते, सगळे वर जाणारे. शेवटी साहेबांनी विचारलं, “काही शंका?”

भाऊ उठले. “साहेब, हा विकास आमच्या गावात येनार म्हनता. मुक्कामाले राह्यन का जेवून वापस जाईन?”

साहेब हसले. मग हसायचे थांबले आणि भाऊंच्या घरी चहाला आले.

सर्वांत मोठी गंमत त्यांच्या सत्काराची. एका उन्हाळ्यात त्यांनी पोरांना घेऊन वणवा विझवला होता. गावानं शाल-नारळ द्यायचं ठरवलं. विषय वाचला गेला. भाऊंनी घसा खाकरला.

“अहो भाऊ, तुमचाच सत्कार आहे!” मी म्हणालो.

“म्हनून त नाई. मानसाचा सत्कार केला का समजावं, हा आता कामातून गेला.”

त्यांच्या सत्काराला त्यांची संमती मिळवायला गाव कितीतरी संध्याकाळी त्यांच्या सपरीत बसलं. सपरी म्हणजे घरापुढची उघडी ओसरी. तिथे बसायला बाजा टाकलेल्या असत, फुटाणे असत, बिनदुधाचा लाल चहा असे. भाऊ चहा स्वतः करत. मुद्द्याला मुद्दा देत. तुमचा मुद्दा लंगडा पडला तर तोही सावरून देत, म्हणजे भांडण पुढे चालावं. शेवटी शाल राहिलीच.

त्यांची बायको जाऊन बराच काळ झाला होता. मुलगी ऊर्जानगरला, जावई वीजकेंद्रात. मुलीनं हट्टानं एकदा त्यांना क्वार्टरमध्ये नेलं. ते लगेच परतले. मी कारण विचारलं.

“बाजूले कोन राह्यते म्हून पोरीले इचारलं. त म्हनते, मालूम नाई बाबा. अशा गावात मानसानं भांडावं कोनासंग?”

मग धानगिरणीचा विषय आला.

आमच्या गावात धान भरपूर, पण ते भरडायला कुरखेड्याला न्यावं लागे. पोती ट्रॅक्टरवर टाकायची, तिथे नंबर लावायचा, संध्याकाळी परत. बायांचा दिवस जाई आणि मजुरी बुडे. बचत गटाच्या निर्मलाबाई यासाठी वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होत्या. अखेर यंत्र मंजूर झालं. मार्च सरायच्या आत गावानं जागा ठरवायची, नाहीतर यंत्र दुसऱ्या गावाला जाणार होतं. शाळेमागची जागा सगळ्यांना पसंत होती.

सभेच्या दिवशी सकाळी मी भाऊंकडे शिडी मागायला गेलो. अंगण ताजं सारवलेलं होतं. सपरीत शेजाऱ्यांकडून आणलेल्या बाजा मांडल्या होत्या. धुतलेले कप उपडे घालून ठेवले होते. भाऊ फुटाणे निवडत बसले होते.

“पाहुणे येणार का कोणी?”

“येतीन ना,” ते म्हणाले. “काऊन गा मास्तर, आज सभेत विषय कोनता हाय?”

मी शिडी न घेताच परत आलो.

सभेत त्यांनी घसा खाकरला. पण या वेळी बाया उठल्या नाहीत. निर्मलाबाईंचा चेहरा उतरला. संध्याकाळी सगळं गाव सपरीत जमलं. भाऊ खुशीत होते. शाळेजवळ आवाज होईल, लेकरं शिकतील कशी, असं म्हणाले. शाळेतली लेकरं तशीही शिकत नाहीत, असं कोणीतरी म्हणालं. माझ्याकडे पाहून सगळे हसले.

“भाऊ, दुसरी जागा तुमीच सांगा ना मंग,” निर्मलाबाई म्हणाल्या.

“सांगन उद्या.”

“उद्या कायले? आजच सांगा.”

“आज सांगतलं त उद्या कायले याल तुमी?”

पुन्हा हशा झाला. निर्मलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या बाजांकडे पाहत होत्या. त्यांतली एक त्यांच्याच घरची होती.

पुढच्या सभेत त्या स्वतः उभ्या राहिल्या. “गिरनी डोमाजीभाऊच्या वाडीत लावू,” त्या म्हणाल्या. “दिवसभर आवाज होईन. कोंडा उडन. नंबर लागेपर्यंत सारे तुमच्याच सपरीत बसतीन, भाऊ. रोज. तुमी होय म्हना का नाई म्हना, येनं बंद नाई होनार. सांगा, हाय का हरकत?”

सगळं गाव खाकऱ्याची वाट पाहू लागलं. भाऊंनी डोळे मिटले नाहीत. चष्मा काढला, दुपट्ट्यानं पुसला, पुन्हा घातला.

“सपरी लहान पडन,” ते म्हणाले. “वाढवा लागन.”

ही संमती आहे हे कळायला लोकांना वेळ लागला. मग कोणीतरी बांबू द्यायचं कबूल केलं, कोणी छपरासाठी कवेलू.

गिरणी बसली. ती सुरू असली की कोणाला काही ऐकू येत नसे, म्हणून भाऊ ओरडून वाद घालत. धान भरडून झालं तरी माणसं मुद्दा संपेपर्यंत थांबत. पोती तशीच भिंतीला टेकलेली असत. कोंड्यानं भाऊंच्या भुवया पांढऱ्या होत आणि त्या त्यांना शोभत. सभेत ते नाही म्हणतच राहिले. आता सवय म्हणून.

भाऊ गेल्यावर मुलगी दिवसकार्याला आली, चार दिवस राहिली आणि घराला कुलूप लावून गेली. गिरणी चालू आहे. धान घेऊन आलेली माणसं सपरीत बसतात.