खिडकीजवळची खाट

आमच्या तलावाच्या पाळीवर बनियान आणि टाय घातलेला एक माणूस मोबाइल डोक्यावर धरून इंग्रजीत बोलताना दिसला, तर घाबरायचं कारण नाही. ते आमचे बीए काका. त्यांच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांची ऑनलाइन सभा चालू असते आणि अख्ख्या गावात रेंज फक्त त्या पाळीवर येते. टाय कॉलेजचा आहे, निळा, कडेनं विरलेला.

"शर्ट काऊन नाही घालत जी?" मी एकदा विचारलं.

"धानाच्या रोवणीतून उठून आलो ना बे. टाय म्हणजे कॉलेज. शर्ट तं कोणीबी घालते."

काकांचं खरं नाव टीकाराम, पण ते आता फक्त रेशनकार्डावर उरलं आहे. ते माझे सख्खे शेजारी, आणि त्याहून जास्त म्हणजे माझे कायमचे गिऱ्हाईक. सडक अर्जुनीला, तालुक्याच्या गावी, माझं ऑनलाइन सेंटर आहे. लोक सातबारा काढायला येतात, उत्पन्नाचा दाखला काढायला येतात. काका विद्यापीठाची ईमेल आली का ते बघायला येतात, आठवड्यातून दोनदा, आणि आली नसली तर माझ्याकडे असं बघतात की जणू मीच ती खाल्ली.

हे विद्यापीठ जेसुइट फादरांचं. आगगाडीनं एक रात्र आणि अर्धा दिवस लागतो. काका तरुणपणी तिथं शिकले आणि पासष्टी उलटली तरी तिथून पुरते परत आलेले नाहीत. काकूंचं म्हणणं आहे, "हे तिथं शिकाले गेले होते का संसार कराले, मले अजून समजलं नाई."

त्यांना 'माजी विद्यार्थी' म्हटलेलं चालत नाही. "आमदार माजी होते, सरपंच माजी होते. विद्यार्थी कसा माजी होईल बे?"

दरवर्षी विद्यापीठाकडून एक यादी येते. जुन्या विद्यार्थ्यांनी आपल्या संस्थेशी नातं कसं टिकवावं, त्याचे मार्ग. बाकीचे लोक ती उघडत तरी असतील का, कोण जाणे. काका ती छापून घेतात, लॅमिनेट करतात आणि देवघराशेजारी टांगतात. मग एकेक मार्ग निष्ठेनं चालतात. 'आपला पत्ता अद्ययावत ठेवा' असं असतं. काकांचा पत्ता म्हणजे 'तलावाखालचं शेवटचं घर'. त्यांच्या पुढे कोणीतरी कुडाची झोपडी टाकली, त्याच दिवशी ते माझ्याकडे धावत आले. "शेवटून दुसरं कर. फादर लोकाले खोटं नाई सांगाचं."

'विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करा' असंही होतं. त्यांना एक मुलगी नेमून दिली. तिनं पाळीवरच्या सभेत विचारलं, नोकरी कशी निवडावी? काकांनी आधी ती जेवली का ते विचारलं आणि मग अस्सल इंग्रजीत सांगितलं, जिथं दुपारी आईला फोन करायला वेळ मिळेल ती नोकरी धर. मी बाजूला छत्री धरून उभा होतो. मला हसू आलं होतं, पण सभा संपल्यावर त्याच पाळीवरून मी आईला फोन केला.

यादीतला शेवटचा मार्ग मात्र चार वर्षं अडून बसला होता. 'ग्रामीण अनुभवासाठी आलेल्या विद्यार्थ्यांना आपल्या घरी ठेवा.' काका दरवर्षी त्यावर खूण करत. रस्त्याकडची खोली त्यांनी रंगवली होती. खिडकीजवळ खाट, धुतलेली चादर, मच्छरदाणी, पाण्याचा तांब्या. घरच्या पाहुण्यालासुद्धा तिथं झोपू देत नसत. त्यांचा सख्खा साळा दोन रात्री पडवीत झोपला आणि रागावून गेला, तो अजून बोलत नाही. आणि कोणी विद्यार्थी काही येईना. दरवर्षी उत्तर यायचं, आपलं गाव फार दूर आहे, आभारी आहोत.

यंदा मात्र ईमेल आली की आपल्या गावाचा विचार करत आहोत, सोबतचा फॉर्म भरावा. काका टाय घालूनच सेंटरवर आले. मी भराभर भरत गेलो. नाव, पत्ता, संडास आहे का, साप निघतात का. ("निघते म्हणून लिही. पण आपले आहेत, चावत नाई.") मग एक रकाना आला, पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा.

"घरी आहे," काका म्हणाले. "उद्या आणतो."

चार दिवस ते फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी आले, टायशिवाय. सेंटर रिकामं होईपर्यंत बाकावर बसून राहिले.

"नाई आहे बे पदवी," ते म्हणाले. "शेवटच्या वर्षी दिवाळीत घरी आलो न् बाबा गेले. धान उभं होतं, तलावाचं पाणी वाटाले घरात दुसरं कोणी नव्हतं. राहून गेलो. परीक्षेलेबी नाई गेलो. मग दोस्ताचं पत्र आलं. होस्टेलच्या फादरनं माही खिडकीजवळची खाट उचलूच देल्ली नाई. दर आठवड्याले चादर बदलून राहिले होते. म्हणे, परीक्षा होईवर पोरगा येऊ शकते."

चाळीस वर्षं अख्खं गाव ज्यांना बीए काका म्हणत होतं, ते माझ्यासमोर शिक्षा झालेल्या मुलासारखे बसले होते. मला फार वाईट वाटलं.

"खोटं नाई लिहाचं," ते म्हणाले. मग मी त्यांनी सांगितलं तसंच टाइप केलं. पदवी नाही. शेवटच्या वर्षी घरी यावं लागलं. खोली आहे, खाट आहे, तलाव आहे.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. जो आमच्याकडे शिकला तो आमचाच, दोन विद्यार्थिनी पाठवत आहोत. काकांनी ते उभ्यानं तीनदा वाचलं आणि मला म्हणाले, "अजून एक खाट लागते बे."

पोरी दहा दिवस राहिल्या. काकूंनी त्यांना लाखोरीची डाळ आणि पोपटाच्या शेंगांची भाजी खाऊ घालून बेजार केलं. सर म्हणायचं नाही, अंकल म्हणायचं नाही, असं काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मग काय म्हणायचं? "सीनियर." त्या पाळीवरून "सीनियर!" अशी हाक मारायच्या आणि काका धानाच्या बांधीतून टाय सावरत पळत यायचे.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सहज डोकावलो. काका खिडकीजवळच्या खाटेवर नवी चादर घालत होते.

"गेल्या ना जी पोरी? आता कायले?"

"महिन्यावर परीक्षा आहे त्यायची," काका मान वर न करता म्हणाले. "परीक्षा होईवर खाट नाई उचलाची."

मी चादरीचं दुसरं टोक धरलं.