बांधाचं पोट

तोतारामचा ट्रॅक्टर सरळ चालेना, आणि दुपारी तर पंच यायचे होते.

पंच बोलावले होते शेजारच्या छगनसाठी. दोघांच्या शेतांमधला बांध मध्यावर तोतारामच्या बाजूला पोट काढून बसला होता. छगन दरसाल फावड्याने बांध सरकवतो, असं तोताराम गावभर सांगे. छगनशी बोलणं आणि त्याच्या शेतात पाय ठेवणं त्याने केव्हाच सोडलं होतं. आता पंचांसमोर खुणेच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत नांगराचं सरळ तास मारायचं, म्हणजे चोरी उघडी. तास स्वतःच्याच ट्रॅक्टरने मारायचं, हा हट्टही त्याचाच. पण ट्रॅक्टरचं पुढचं चाक थरथरायचं, आणि स्टेअरिंग अर्धं फिरवलं तरी चाकाला त्याचा पत्ता नसायचा.

"हवा कमी शे," मदतीला आलेला भिकन म्हणाला. हवा भरली. चाक जास्तच थरथरू लागलं.

"नट ढिले असतीन," बघायला जमलेले झिपरूआबा म्हणाले. भिकनने पान्यावर उभं राहून नट आवळले. त्यातला एक तुटला.

शेवटी अमळनेरहून असलम मिस्तरी लुनावर आला. त्याने जॅक लावला, चाक दोन्ही हातांनी वरखाली हलवलं आणि मान हलवली.

"भाऊ, बेरिंग गेली, बुश गेला, सांधे खेळतात. याला स्टेअरिंग म्हणू नका, शोभेची वस्तू म्हणा."

"सरळ कधी चालीन ते सांग. पंच येतील."

"पहले ओढ कुठं आहे ते पाहू द्या."

तुटक्या नटाची सोय करून असलमने ट्रॅक्टर बांधालगत पहिल्या दगडापाशी लावला, गिअर टाकला आणि दोन्ही हात सोडून दिले. ट्रॅक्टर जरा सरळ गेला, मग हळूहळू उजवीकडे, तोतारामच्या शेतात सरकत राहिला. मध्यावर असलमने सगळा जोर लावून स्टेअरिंग डावीकडे दामटलं, तेव्हा कुठे तो दुसऱ्या दगडाकडे वळला.

तोतारामची बायको द्रौपदाबाई चहाची किटली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "काय वो, हाऊ चाकाचा माग बांधासारखाच वाकडा शे ना."

तोतारामने माग पाहिला, बांध पाहिला, परत माग पाहिला. दरसाल ट्रॅक्टर उजवीकडे सरकायचा, बांधालगतची पट्टी पडीक राहायची, तिच्यावर गवत माजायचं आणि बांध जाड व्हायचा.

"कधीपासून ओढतो, भाऊ?" असलमने विचारलं.

"परवापासून."

"टायर तर एका अंगानं झिजलंय. जुनं दुखणं दिसतं."

"तू मिस्तरी शे का पंच?" तोताराम म्हणाला आणि एकदम मऊ झाला. "चहा घे, असलम. घाई नही. चाक काढ, सगळं बठ्ठं खोल. आज खोल, उद्या बसव."

आल्यापासून घाईघाई ऐकून कावलेल्या असलमने आनंदाने चाक काढलं. पुढचा सांगाडा जॅकवर लटकला तसा तोतारामचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पंच आले, पुढे सुपडूनाना, मागे छगन.

"नाना, ट्रॅक्टरले चाकच नही. पुढच्या महिन्यात पाहू," तोताराम म्हणाला.

कित्येक वर्षांनी छगन त्याच्याशी बोलला. "तोताभाऊ, मनी बैलजोडी शे ना. आणतो."

"तुना बैल तुनाच कडे ओढतील."

"मग नांगर तुम्ही धरा. वाकडं कोण म्हणीन?"

पंचांनी माना डोलावल्या. तोतारामला नांगर धरावा लागला. त्याने मनापासून वाकडा चालवायचा प्रयत्न केला, पण छगनचे बैल शहाणे. तास दोरीसारखं सरळ पडलं, आणि बांधाचं गवताळ पोट सगळं तोतारामच्या बाजूला आलं.

"पट्टी तोतारामची," सुपडूनानांनी सांगितलं. मग ते बांध ओलांडून पलीकडे गेले. तिकडची कड सरळच्या सरळ होती. "छगन, तू तर इंचभर हलला नहीस."

"मी गवत तेवढं कापे, नाना. कोणी पेरत नव्हतं म्हणून."

सगळ्यांच्या नजरा जॅकवरच्या ट्रॅक्टरकडे गेल्या. असलम उत्साहाने म्हणाला, "तेच तर मी सांगत होतो, जुनं दुखणं आहे."

पंच निघाले. भिकन मागे रेंगाळला.

"तोताभाऊ, निकाल तं तुमना बाजूने लागला. गावात सांगू का?"

"काय घाई शे?" तोताराम म्हणाला.