आप्पा प्यायलेले नव्हते

मन्मथआप्पा बिराजदार एसटीत कधी बसत नसत. गाडी रिकामी असली तरी मधल्या वाटेत उभे. गाडी तुळजापूरचा घाट उतरायला लागली की गुडघे वाकवायचे, दोन्ही मुठी कमरेजवळ आणायच्या, डोळे बारीक करायचे आणि प्रत्येक वळणाला गाडीच्या आधी स्वतः कलायचे. कंडक्टर ओरडायचा, "आप्पा, दांडी धरा की!"

"दांडी धरणाराच पडतो, सायेब. गुडघा ढिला सोडायचा."

हा गुडघा त्यांना सगळ्याच अडचणींवर चालायचा. कुणाची पोरगी सासरी निघालेली असो, कुणाची कोर्टात तारीख असो, नवा सरपंच पहिल्या भाषणाला थरथरत उभा असो, सल्ला एकच: "गुडघा ढिला, नजर फुडं."

आप्पांच्या माकणी गावात बर्फ दिसतो तो फक्त रसवंतीवर. तोही आप्पांना मान्य नव्हता. "ह्यो बर्फ न्हाय, गोठल्यालं पाणी हाय," म्हणत ते ग्लासातला खडा काढून टाकत. मग खरा बर्फ कसा असतो, असं विचारलं की विचारणाऱ्याला गिरणीत नेत आणि जोंधळ्याच्या ताज्या पिठात मनगटापर्यंत हात घालत. "असा. ह्याच्यावरनं घसरायचं." गिरणीवाला त्यांना लांबून बघूनच पिठाचे डबे झाकायला लागायचा.

आप्पा फौजेतले हवालदार. काश्मीरकडच्या डोंगरांत पायांना लांब पट्ट्या बांधून, रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत बर्फावरून घसरायच्या शर्यतीत आपण सेनादलांत सलग तीन वर्षं पहिले आलो, असं ते सांगत. गाव ऐकून घ्यायचं आणि त्यांची पाठ वळली की हसायचं. त्यांची बायको महानंदाबाई तर तोंडावरच म्हणायची, "लंगरात भांडी घासली असतील. मला इथं एकलीला ठिवून सतरा वर्सं काय केलं, ते द्येवाला ठावं." तिच्यापुढं त्यांचा गुडघाही चालत नसे.

मी तेव्हा तिथल्या एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. हे लिहून ठेवलं नाही तर माझ्याबरोबरच जाईल.

शाळेच्या व्हरांड्यात गावच्या कर्तबगार माणसांच्या नावांचा फलक लावायचं ठरलं. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले. "माझं नाव घ्या, गुरुजी." प्रमाणपत्रं मागितली, तर पत्र्यातून गळलेल्या पाण्यानं त्यांचा लगदा झालेला. मी त्यांच्या फौजेतल्या जुन्या केंद्राला पत्र टाकलं. पण उत्तराची वाट न बघता ग्रामसभेत बोलून गेलो, "कागद आला तर नाव येईल. पण आप्पांचा कागद वाटेतच वितळला असणार." सभा पोट धरून हसली. मला ते हसणं आवडलं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. शिक्का, सही, तीन वर्षांची तीन सुवर्णपदकं. खाली हातानं लिहिलेली एक ओळ: असा घसरणारा आमच्याकडं पुन्हा झाला नाही.

आता सभेत उभं राहून आपले शब्द मागे घ्यायचे? मी पत्र कपाटात, जुन्या हजेरीपटांखाली सरकवलं.

त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "आप्पा, एवढंच हाय तर धरणाच्या भिंतीवरनं घसरून दावा की. गवत वलं हाय." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "हो आप्पा, होऊनच जाऊ द्या."

चार दिवस खपून त्यांनी बांबूच्या लांब पट्ट्या तासल्या, विस्तवावर धरून टोकं वर वळवली, खालून मेणबत्ती घासली. सायकलच्या ट्यूबनं त्या पायांना बांधल्या. मातीच्या भिंतीच्या उतारावर तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काठ्या, रोवल्या. अख्खं गाव लोटलं होतं. "आप्पा, इमा काढलाय न्हवं?" "खाली पीठ टाकू का वो?"

आप्पा निघाले.

पन्नाशी उलटलेला माणूस. खांदे जागच्या जागी, आणि कमरेखाली नुसतं वाहतं पाणी. एक तुराटी, दुसरी, तिसरी. एकीलाही धक्का नाही. लोकांचं हसणं मध्येच तुटलं. खाली गवतात दगडी चर लपलेला होता, तो कुणी बघितला नव्हता. पट्टीचं टोक त्यात अडकलं आणि आप्पा उजव्या गुडघ्यावर आदळले.

धरणाचा पहारेकरी धावत आला. "ह्यांना वर कुणी चढिवलं?" मी म्हणालो, "घेऊन आले असतील थोडी."

गळ्यात इष्टलिंग बांधलेल्या त्या माणसानं जन्मात थेंब घेतलेला नव्हता. पण भरीला घालणाऱ्या सगळ्यांनाच ते सोयीचं होतं. आठवड्यात गावभर झालं, आप्पा पिऊन पडले. फलक लागला, त्यांच्या नावाशिवाय. तेव्हापासून आप्पा एसटीत बसून जातात, पाय वाटेत लांब करून.

गेल्या महिन्यात मी ते पत्र घेऊन त्यांच्याकडं गेलो. महानंदाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. आप्पा एकटेच शेंगा फोडत बसले होते. मी पत्र वाचून दाखवलं. कधी आलं होतं ते सांगितलं. 'पिऊन होते' हे पहिल्यांदा कोण बोललं, तेही सांगितलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "फौजेतल्या सायेबाचं मलाबी कार्ड आलतं तवाच. तुमच्या गुरुजीला कागद धाडलाय म्हणून."

"मग बोलला का नाहीत, आप्पा? कशाला चढलात त्या भिंतीवर?"

त्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

"कागद दावला असता तर मान्सं टाळ्या वाजवून घरी गेली असती. आमची घरधनीण कशाला आली असती धरणावर? तिला वाचाया कुठं यत हुतं, गुरुजी? तिनं बघितलं. दवाखान्यात उशाशी बसून म्हणली, लई ग्वाड दिसत व्हता वो तुमी."